जप्त गलबते आणि मुक्त माणसे

काकती हे बेळगावच्या उत्तरेस पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव म्हणून त्याची ख्याती आहे. येथून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्रीची रांग आडवी आहे. त्यामुळे गलबते, त्यांतून चोरून आणलेली माणसे आणि त्या गलबतांची जप्ती हा विषय या परिसराशी दूरान्वयानेही संबंधित नसावा, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु काकतीहून बेळगाव ओलांडून दक्षिणेस खानापूर तालुक्यात शिरले, की घाटमाथ्याच्या दाट रानात सिद्दी समाजाच्या वस्त्या लागतात. कुरळ्या केसांची, सावळ्याहून गडद वर्णाची ही माणसे कोकणी-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात, बाजारात कन्नडही सहज वापरतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आले आणि ते स्वखुशीने आले नव्हते. त्यांना गलबतांतून आणले गेले. म्हणून त्या गलबतांचा इतिहास हा सीमाभागाच्याही इतिहासाचा एक भाग ठरतो.

मराठी वाचकाला हबशी माणूस अपरिचित नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ ठरलेला, औरंगाबादचे मूळ शहर वसविणारा मलिक अंबर हा बालपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत तो दख्खनेत पोहोचला आणि १६२६ मध्ये मृत्यू पावला तेव्हा मोगलांना दशकानुदशके झुंजविणारा सेनानी म्हणून त्याचे नाव झाले होते. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर सागरी सत्ताच उभी केली. परंतु या दोन उदाहरणांनी एक गैरसमजही निर्माण केला. तख्ताजवळ पोहोचलेले हबशी बखरींत आले. ज्यांचे आयुष्य मालकाच्या घरी पाणी भरण्यात, पालखी वाहण्यात आणि बंदरावर ओझी उचलण्यात गेले, त्यांची नोंद क्वचितच झाली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथे भरणाऱ्या गुलामांच्या बाजाराचे वर्णन केले आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजे माणसे आणीत आणि इतर मालाबरोबर त्यांचाही लिलाव होई.

या व्यापाराला कायद्याने अटकाव करण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारास बंदी घातली. १८११ मध्ये बंगाल इलाख्यात परदेशांतून गुलाम आणण्यास मनाई करणारे रेग्युलेशन निघाले आणि पाठोपाठ १८१३ मध्ये मुंबई इलाख्यातही तशीच मनाई झाली. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मनाई होती ती नवीन गुलाम आणण्यास. जे आधीपासून गुलाम होते त्यांची सुटका या नियमांनी झाली नाही. इतकेच नव्हे, तर १८३३ चा गुलामगिरी निर्मूलनाचा कायदा ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांना लागू झाला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला गेला. भारतात १८४३ चा पाचवा कायदा झाला तेव्हा कुठे गुलामावरील मालकीचा दावा कोणत्याही न्यायालयाने मानू नये, असे ठरले. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुलाम आणणे, नेणे, विकत घेणे व विकणे हे गुन्हे ठरविले. ती संहिता १८६२ च्या आरंभापासून अमलात आली.

कायदा कागदावर आला, तरी समुद्र कागदाने आवरत नाही. अरबी समुद्रातील वाहतूक मोसमी वाऱ्यांवर चाले. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहत, तेव्हा अरबस्तान, कच्छ व कोकणातील गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात. उन्हाळ्याच्या अखेरीस नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला, की तीच गलबते उत्तरेस परतत. परतीच्या या फेरीत लवंग, हस्तिदंत व खोबऱ्याबरोबर माणसेही असत. मुंबई बंदरात उतरविताना त्यांची ओळख खलाशी, घरचा नोकर, नातलग, क्वचित पत्नी म्हणूनही दिली जाई. मूल दत्तक घेतले आहे, असे सांगितले म्हणजे बंदरावरील अंमलदारास पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नसे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही खोट्या ओळखीवर चाललेली माणसांची आयातच होती; फरक इतकाच, की आणल्या गेलेल्या माणसाचे त्यात काहीच मत नव्हते.

म्हणून सरकारचे लक्ष माणसावरून गलबतावर गेले. दुसऱ्याच्या ध्वजाखाली चालणारे गलबत भर समुद्रात अडवायचे, तर त्या राज्याची संमती हवी. त्यासाठी तहांची एक मालिकाच सुरू झाली. १८२२ मध्ये मस्कतचे सय्यद सईद यांच्याशी झालेल्या मोर्स्बी तहात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डेलगाडो भूशिरापासून काठेवाडातील दीवपर्यंत एक रेषा कल्पिण्यात आली. तिच्या पूर्वेस गुलाम नेणारे गलबत पकडता येईल, असे ठरले. ही रेषा म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्याभोवती घातलेले अदृश्य कुंपणच होते. १८३६ मध्ये कच्छचे राव देशळजी यांनी आपल्या बंदरांत गुलाम आणण्यास बंदी केली. १८४२ मध्ये पोर्तुगालशी तह झाला. १८४५ च्या हॅमर्टन तहाने सय्यद सईद यांच्या आफ्रिकेतील मुलखातून अरबस्तानकडे होणारी गुलामांची निर्यात बंद केली आणि हा तह १८४७ च्या आरंभापासून लागू झाला.

गस्तीचे काम प्रथम मुंबईच्या आरमाराकडे होते. बॉम्बे मरीन या जुन्या नावाने ओळखले जाणारे हे आरमार १८३० पासून इंडियन नेव्ही झाले आणि १८६३ मध्ये ते मोडण्यात आले. त्यानंतर ही जबाबदारी ब्रिटिश शाही नौदलावर आली. 'डाफ्नी' जहाजाचे कप्तान जॉर्ज सलिव्हन आणि 'ड्रायड'चे कप्तान फिलिप कोलंब या दोघांनी १८७३ मध्ये आपल्या गस्तीचे अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांवरून या कामाची रीत समजते. युद्धनौका किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि तिच्या लहान होड्या बेटांच्या व खाड्यांच्या आडोशाला टेहळणी करीत. तिरकस शिडाचे गलबत दिसले, की इशाऱ्याची तोफ उडे. मग दुभाष्यासह शिपाई गलबतावर चढत व कागद तपासत. तळाशी गुलाम सापडले तर प्रश्नच नसे. पण काही तहांनुसार साधनांवरूनही गलबत दोषी ठरविता येई. खलाशांच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक पाण्याची पिंपे, जास्तीचे धान्य, मोठी कढई, बेड्या, फळ्यांचा तात्पुरता मजला, अशा वस्तू आढळल्या म्हणजे हे गलबत माणसे भरण्यासाठी सजविले आहे, असे मानले जाई. विशेष म्हणजे या युद्धनौकांवर सिद्दी खलाशी मोठ्या संख्येने काम करीत. ज्यांच्या जातभाईंना पळवून नेले जात होते, तेच पाठलागाच्या होड्या वल्हवीत होते.

पकडलेल्या गलबताचा निवाडा ॲडमिरल्टीच्या अधिकाराखालील न्यायालयात होई. दोषी ठरलेले गलबत सरकारजमा होऊन विकले वा मोडले जाई. पकडणाऱ्या नौकेच्या अधिकाऱ्यांस व खलाशांस सुटलेल्या माणसांच्या संख्येवर अथवा गलबताच्या मापावर बक्षिसी मिळे. या बक्षिसीतच या व्यवस्थेचा दोष दडलेला होता. बंदर दूर आहे आणि गलबत तेथवर नेण्याजोगे नाही, असे कप्तानास वाटले तर मापे घेऊन ते समुद्रातच जाळले जाई. मग न्यायालयापुढे पुरावा म्हणून उरे ती पकडणाऱ्याचीच साक्ष. प्रामाणिक व्यापाऱ्यांची गलबतेही अशा रीतीने जळाली, अशा तक्रारी झाल्या आणि लंडनहून नौदलाला अधिक जपून वागण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. दुसरा दोष याहून भयंकर होता. पाठलाग होऊ लागला, की कित्येक नाखवे गलबत सरळ किनाऱ्यावर आपटीत, म्हणजे उरलेला 'माल' घेऊन रानात पळता येईल. फुटलेल्या गलबतातून लाटांत जे बुडत, ते अर्थातच गुलाम असत. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांच्याच जिवावर त्याची अंमलबजावणी अशा प्रसंगी उलटे.

हा व्यापार केवळ अरबांचा होता, असे म्हणून आपल्याकडील लोकांना हात झटकता येत नाहीत. झांजीबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ कच्छी व्यापाऱ्यांकडे होता आणि किनाऱ्यावरील व्यापाराला लागणारे भांडवल बव्हंशी हिंदी पेढ्यांचे होते. १८६० च्या सुमारास झांजीबारचे ब्रिटिश कॉन्सल रिग्बी यांनी तेथील हिंदी लोकांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त करविले. गुलाम बाळगणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे सत्य या आकड्यातून स्वच्छ दिसते.

गलबत जप्त झाले, दोर तुटले, पुढे काय? कायद्याने गलबताचे काय करावे हे तपशीलवार सांगितले होते, माणसाचे काय करावे हे मात्र सांगितले नव्हते. ज्याचे गाव जळाले, आईबाप कुठे आहेत ठाऊक नाही, गावाचे नाव सांगितले तरी ते कोणत्याही नकाशात सापडत नाही, अशा आठ-दहा वर्षांच्या मुलाला परत कोठे पोहोचवावे? मुक्त झालेल्यांपैकी काही एडनला, काही सेशेल्स व मॉरिशसला आणि बरेच मुंबईला नेले गेले. मुंबईत ते पोलिसांच्या स्वाधीन होत आणि तेथून घरकामासाठी कुटुंबांत किंवा शिक्षणासाठी मिशनरी संस्थांत पाठविले जात. मोठी माणसे गोदीत आणि आगबोटींच्या भट्टीवर कामाला लागली. त्यांना विचारून हे घडले, असे दिसत नाही.

महाराष्ट्रात या कहाणीचे सर्वांत स्पष्ट ठसे नाशिकला आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. १८६० च्या सुमारास मुंबईतील मुक्त आफ्रिकी मुलांचा आश्रम तेथे हलविण्यात आला. मुलांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे व्यवसाय शिकविले जात. शरणपूर रस्ता आजही नाशिककरांच्या नित्य परिचयाचा आहे; परंतु जेथे शरण मिळाले ते शरणार्थी कोण, हे फार थोड्यांना आठवते.

शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांनी शरणपूरच्या नऊ तरुणांना आपल्या आफ्रिकेतील प्रवासासाठी बरोबर घेतले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या देखरेखीखाली शिकलेला चुमा हाही त्यांच्या समवेत गेला. पुढे १८७२ मध्ये नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टन यांना येऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट हा होता. याओ जमातीचा हा मुलगा गुलाम नेणाऱ्या गलबतातून सोडविलेला होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन यांचा आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला, तेव्हा जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला आणि मृताच्या वस्तूंची यादी केली. सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी ते पार्थिव सुमारे दीड हजार किलोमीटर चालत समुद्रकिनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्या मान्यवरांत शरणपूरचा हा विद्यार्थीही होता. त्याने लिहिलेली दैनंदिनी सुदैवाने टिकून राहिली. जप्तीच्या नोंदवह्यांत जो एक संख्या होता, तो येथे स्वतःच्या हस्ताक्षरात बोलतो.

शरणपूरचा आश्रम फार काळ टिकला नाही. साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा तेथे रेसिडेंट असलेले आणि पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रियर हे १८७३ मध्ये खास वकील म्हणून झांजीबारला गेले. त्यांनी आरंभिलेल्या वाटाघाटींची परिणती ५ जून १८७३ च्या तहात झाली आणि झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. मुक्त लोकांची वसाहत आफ्रिकेतच असावी, या विचाराने मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसले. शरणपूरचे प्राइस १८७४ मध्ये तिकडे गेले आणि नाशिकहून सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्री-पुरुष तेथे स्थायिक झाले. तेथील लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. ज्यांना मुंबईत आफ्रिकेचे मानले गेले, ते आफ्रिकेत मुंबईचे ठरले. दोन्ही किनाऱ्यांवर परकेपण त्यांच्या वाट्याला आले.

गलबत अडविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद पुढेही चालू राहिला. ओमानमधील काही गलबतवाले फ्रेंच ध्वज लावू लागले, म्हणजे ब्रिटिश नौकांना त्यांची झडती घेता येऊ नये. हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि ऑगस्ट १९०५ मध्ये त्याचा निर्णय होऊन असा ध्वज देण्यावर मर्यादा आल्या. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही गुलामांचा व्यापार चालविल्याचा संशय असलेले जहाज भर समुद्रात तपासण्याचा अधिकार युद्धनौकांना दिलेला आहे. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध जो उपकरार केला, त्यात मात्र एक तत्त्व स्पष्टपणे नमूद झाले: माणसे चोरून नेणारा गुन्हेगार, पण केवळ तशा रीतीने नेले गेले म्हणून त्या माणसावर खटला भरता येणार नाही. तारू आणि त्यातील माणूस यांचा न्याय वेगळा करावा लागतो, हे जगाला कळण्यास जवळजवळ दोन शतके लागली.

आता पुन्हा खानापूरच्या रानाकडे वळावे. येथील सिद्दींच्या पूर्वजांना आणणारी गलबते कोणी जप्त केली नाहीत. ती गोव्याच्या बंदरात सुखरूप पोहोचली आणि त्यांतील माणसे विकली गेली. पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. परंतु त्या साम्राज्यातील गुलामगिरी संपण्यास १८७० चे दशक उजाडावे लागले. तोवर अनेकांनी वाट पाहिली नाही. गोव्यातून निसटून घाट चढून आलेल्या लोकांनी खानापूर, हल्याळ, यल्लापूर या भागांतील जंगलांत आसरा घेतला, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. त्यांना सोडविण्यास युद्धनौका आली नाही, त्यांच्या सुटकेबद्दल कोणाला बक्षिसी मिळाली नाही आणि त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत चढली नाहीत. त्यांच्या सुटकेचे श्रेय त्यांच्या पायांना आहे.

सह्याद्रीने त्यांना लपविले. पण राज्यकर्त्यांच्या रेघांनी विभागले. १८६२ पर्यंत खानापूरकडील रान मुंबई इलाख्यात होते, तर शेजारचे हल्याळ मद्रास इलाख्यातील कानडा जिल्ह्यात. त्या वर्षी उत्तर कानडा मुंबई इलाख्यास जोडला गेला. १९५६ मध्ये दोन्ही जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. तरीही जिल्ह्याची रेघ पुसली गेली नाही. २००३ मध्ये सिद्दी समाजाचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला, तो केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तोच हक्क मिळण्यास २०२० साल उजाडले. एकाच कुळातील, एकच दमाम वाजविणाऱ्या, एकाच पद्धतीच्या कौद्या शिवणाऱ्या दोन वस्त्यांत, केवळ मधून जिल्ह्याची हद्द जाते म्हणून, सतरा वर्षांचे अंतर पडले. सीमेवर राहणाऱ्या वाचकास या अंतराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

गलबतांचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे आहे. त्यांची मापे, पकडल्याचा दिवस, न्यायालयाचा निकाल आणि वाटलेली बक्षिसी यांची नोंद ठेवली गेली. माणसांचा इतिहास विखुरलेला आहे: नाशिकच्या एका रस्त्याच्या नावात, मोंबासाजवळच्या एका वसाहतीत, एका विद्यार्थ्याच्या दैनंदिनीत आणि खानापूरच्या रानातील एका बोलीत. पहिल्या प्रकारची कागदपत्रे सरकारी दप्तरांनी सांभाळली आहेत. दुसऱ्या प्रकारची सामग्री सांभाळण्याचे काम गावोगावच्या ग्रंथालयांचे. खानापूरच्या वस्त्यांतील वृद्धांच्या स्मरणात असलेली गाणी, कुळांची नावे आणि घाट चढून आल्याच्या कथा यांची लिखित नोंद झाली, तर ज्यांचे गलबत कधी पकडले गेले नाही, त्यांचाही अध्याय इतिहासात जोडला जाईल.